विज्ञानातील कृतिकार्ये आणि विद्यार्थ्यांची संपादणूक



शिक्षण परिषदेत विज्ञानाचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "प्रयोग, उपक्रम सगळं ठीक आहे हो, पण त्यानं मुलांचे मार्क वाढतात का?" प्रश्न चुकीचा नाही. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्यापासून लेखी पेपरची काळजी वाढली आहे. वर्षभरात हातात येणारे तास मोजकेच. त्यातला एक तास बल्ब, वायर आणि भांड्यात घालवायचा तर त्याचा उपयोग काय, हे विचारायलाच हवं.

माझं उत्तर आधीच सांगते. हातांनी केलेल्या कामानं संपादणूक वाढते. पण त्या कामात मुलाला आधी अंदाज बांधावा लागला पाहिजे आणि शेवटी 'असं का झालं' हे स्वतःच्या शब्दांत सांगावं लागलं पाहिजे. हे दोन टप्पे गाळले तर तास मजेत जातो, वहीत पान भरतं, पण समज होती तिथेच राहते. हे कसं, ते आता सविस्तर पाहू.

१) कृतिकार्य म्हणजे नक्की काय?

आपण 'कृती' हा शब्द फार सैल वापरतो. खालील चार गोष्टी एकसारख्या नाहीत.

• शिक्षकानं टेबलावर प्रयोग करून दाखवणं. हे दिग्दर्शन झालं. मुलं पाहतात, करत नाहीत.
• पुस्तकात दिलेल्या पायऱ्या वाचून तसंच करणं. हात चालतात, पण काय होणार हे पुस्तकात आधीच छापलेलं असतं.
• थर्माकोलची सूर्यमाला, कागदाचा ज्वालामुखी. ही प्रतिकृती. बऱ्याचदा ती आई-बाबांनी केलेली असते किंवा स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली असते.
• मुलासमोर साहित्य आणि एक प्रश्न ठेवणं. उत्तर त्यानं करून शोधायचं, नोंदवायचं आणि पटवून द्यायचं.

या लेखात कृतिकार्य म्हणजे हा चौथा प्रकार. पहिल्या तिन्हींचा उपयोग नाही असं नाही. पण त्यांच्यावरून 'मुलाला विज्ञान येतं' असा निष्कर्ष काढता येत नाही. सूर्यमाला सुंदर केलेल्या मुलाला दिवस-रात्र कशी होते ते विचारून बघा, म्हणजे कळेल.

२) संपादणूक म्हणजे फक्त मार्क का?

विज्ञानातल्या संपादणुकीचे सोयीसाठी तीन भाग करू.

अ) माहिती: व्याख्या, नावं, एकके.
ब) समज: कारण सांगता येणं, नव्या ठिकाणी तीच कल्पना लावता येणं.
क) प्रक्रिया कौशल्ये: निरीक्षण, मोजमाप, तुलना, नोंद, निष्कर्ष.

रिकाम्या जागा, जोड्या लावा यांत 'अ' मोजलं जातं. 'कारणे लिहा', 'काय होईल ते सांगा', 'आकृती काढून स्पष्ट करा' यांत 'ब' मोजलं जातं. 'क' लेखी पेपरात फार थोडं उतरतं, ते करतानाच दिसतं. म्हणून कृतिकार्यामुळे मार्क वाढले का हे पाहताना कोणत्या प्रश्नांचे मार्क, हे आधी ठरवावं लागतं. एकक पाठ करायला प्रयोग लागत नाही. पण 'कारणे लिहा'मध्ये मुलं जिथं अडतात, तिथं कृतिकार्याचा खरा उपयोग होतो.

३) आपल्या पद्धतीत याला जागा आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिक/प्रयोग, उपक्रम/कृती आणि प्रकल्प ही तीन साधनं वेगवेगळी दिली आहेत. आकारिकचा भारांश पाचवी-सहावीला ५० टक्के आणि सातवी-आठवीला ४० टक्के ठेवला आहे. बालभारतीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत 'करून पहा' ही चौकट जागोजागी भेटते.

म्हणजे कागदावर कमी काही नाही. अडतं ते नोंदीपाशी. सत्र संपत आलं की तयार वर्णनात्मक नोंदींची यादी मोबाईलवर फिरू लागते. 'प्रयोग आवडीने करतो', 'साहित्य व्यवस्थित हाताळते', 'वैज्ञानिक दृष्टिकोन दिसून येतो'. या नोंदी कोणत्याही मुलाला चालतात. जी नोंद सगळ्यांना चालते ती कोणाविषयीच काही सांगत नाही. मग आकारिकमध्ये अ-१ मिळालेलं मूल संकलितमध्ये 'कारणे लिहा' कोरं सोडतं आणि आपण म्हणतो, प्रयोग घेऊन काही फायदा नाही. खरं तर त्या मुलाची समज आपण तपासलेलीच नसते.

४) अभ्यासांतून काय दिसतं?

या विषयावर बाहेर बरंच काम झालं आहे. त्यातल्या चार गोष्टी आपल्या रोजच्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट इंग्लंडमधली. एब्रहॅम्स आणि मिलर या दोघांनी तिथल्या शाळांतल्या विज्ञानाच्या २५ प्रात्यक्षिक तासांचं निरीक्षण केलं. त्यांचा लेख २००८ साली प्रसिद्ध झाला. मुलांकडून साहित्यानं ठरलेली कृती करून घेण्यात ते तास बऱ्यापैकी यशस्वी होते. पण त्या कृतीमागची वैज्ञानिक कल्पना मुलांनी वापरावी, तिच्याविषयी विचार करावा, यात ते फार कमी पडले. शिक्षकांचा बराचसा वेळ 'हे घ्या, ते जोडा' यातच गेला होता.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. 'नॅशनल असेसमेंट ऑफ एज्युकेशनल प्रोग्रेस' या राष्ट्रीय चाचणीत २००९ साली चौथी, आठवी आणि बारावीच्या मुलांना विज्ञानाची प्रत्यक्ष कामं करायला दिली होती. साधी निरीक्षणं मुलांना जमली. जिथं बदलणाऱ्या गोष्टी जास्त होत्या किंवा कोणती माहिती गोळा करायची हे स्वतः ठरवायचं होतं, तिथं ती अडखळली. आणि बरोबर निष्कर्ष निवडणारी मुलं जास्त होती, तर बरोबर निष्कर्ष निवडून त्याचं कारणही सांगणारी मुलं कमी होती. आपल्या वर्गातलं चित्र यापेक्षा वेगळं आहे का?

तिसरी गोष्टही अमेरिकेतली. रिचर्ड शॅव्हेलसन, गेल बॅक्स्टर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास मुलांना तीन प्रकारचे कागदी टॉवेल देऊन 'सर्वांत जास्त पाणी कोणता शोषतो ते शोधा' असं काम दिलं. आणखी एका कामात बंद डब्यांत काय आहे, म्हणजे सेल की बल्ब की वायर, हे परिपथ जोडून ओळखायचं होतं. त्यांना दिसलं की एका कामात छान करणारं मूल दुसऱ्या कामात छान करतंच असं नाही. म्हणून एखाद-दुसऱ्या कामावरून मुलाची श्रेणी ठरवली तर ती भरवशाची नसते. वेगवेगळी बरीच कामं द्यावी लागतात.

चौथी गोष्ट आपल्या शेजारची, मध्य प्रदेशातली. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पुढं 'एकलव्य' संस्थेनं तो सांभाळला आणि २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत ३० वर्षं चालला. सहावी ते आठवीची ग्रामीण मुलं गटात प्रयोग करून विज्ञान शिकत होती. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे तिथं परीक्षाही बदलली होती. प्रात्यक्षिक परीक्षा होतीच, शिवाय लेखी पेपर पुस्तक उघडून लिहायचा होता. शिकवायचं एक आणि तपासायचं दुसरं, असं त्यांनी ठेवलं नाही.

चारही गोष्टींचं सार एकच आहे. हात चालले म्हणजे डोकं चाललंच असं नाही. डोकं चालावं यासाठी कामाची मांडणीच तशी करावी लागते.

५) नमुना कृतिकार्य : बल्ब पेटवा

आठवीला 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा पाठ आहे. तो शिकवण्याआधी हे काम द्यावं. सहावी-सातवीच्या मुलांनाही ते जमतं.

साहित्य (दोघांत एक संच): १.५ व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा तारेचा छोटा बल्ब, वीतभर लांबीची एकच वायर, दोन्ही टोकं सोललेली. होल्डर नाही, दुसरी वायर नाही.

आता बहुतेक टॉर्च एलईडीच्या असतात. एलईडी या कामाला घेऊ नका. पांढरी एलईडी एका सेलवर पेटत नाही आणि उलटी जोडली तर मुळीच पेटत नाही. तारेचे छोटे बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात किंवा शाळेच्या विज्ञान पेटीत मिळतात.

प्रश्न: एवढ्याच साहित्यात बल्ब पेटवा. किती वेगवेगळ्या प्रकारे पेटतो ते शोधा.

टप्पा १, अंदाज (५ मिनिटे): साहित्य हातात देण्याआधी प्रत्येकानं वहीत आकृती काढायची. सेल, बल्ब, वायर कसं जोडलं तर पेटेल? आणि तसं का वाटतं, एक ओळ लिहायची. इथं खोडरबर वापरायचा नाही.

वहीत दोन-तीन प्रकारच्या आकृत्या हमखास येतात. एक, वायरचं एक टोक सेलला, दुसरं बल्बच्या बुडाला, झालं. मुलांच्या मनात करंट म्हणजे नळाचं पाणी असतं, एका पाइपातून आलं की पुरे. दुसरी, सेल आणि बल्ब दोन्हीकडून जोडलेले, पण दोन्ही टोकं बल्बच्या बुडालाच. बल्बची कड कोणी विचारात घेत नाही. मुलांना हसू नका. १९९७ च्या 'माइंड्स ऑफ अवर ओन' या अमेरिकन माहितीपटात हार्वर्ड आणि एमआयटी या नामांकित विद्यापीठांच्या पदवीधरांना हेच साहित्य दिलं होतं, आणि तेही अडखळले होते.

टप्पा २, कृती (१० मिनिटे): आता साहित्य द्या आणि गप्प राहा. हा आपल्यासाठी सगळ्यात अवघड भाग आहे. मूल चुकीचं जोडतंय हे दिसत असतं आणि हात शिवशिवतात. थांबा. फक्त एका गोष्टीकडं लक्ष ठेवा. वायर सेलच्या दोन्ही टोकांना थेट लावून कोणी धरून ठेवलं तर ती तापते, लगेच काढायला सांगा. आणि हे काम सेलवरच करायचं, घरातल्या बोर्डावर कधीच नाही, हे दोनदा बजावून सांगा.

टप्पा ३, नोंद (५ मिनिटे): पेटलेल्या आणि न पेटलेल्या, दोन्ही जोडण्यांच्या आकृत्या काढायच्या. न पेटलेली जोडणी ही चूक नाही, ती माहिती आहे. बल्ब चार प्रकारे पेटतो. बुडाचा ठिपका सेलच्या धन टोकाला किंवा ऋण टोकाला टेकवून वायर कडेला लावायची, हे दोन. बल्बची कड धन किंवा ऋण टोकाला टेकवून वायर ठिपक्याला लावायची, हे दुसरे दोन.

टप्पा ४, स्पष्टीकरण (१० मिनिटे): 'पेटलेल्या सगळ्या आकृत्यांत सारखं काय आहे? न पेटलेल्यांत काय नाही?' दोघांनी आधी बोलायचं, मग प्रत्येकानं स्वतंत्र लिहायचं. त्यानंतरच भिंगातून बल्ब दाखवा आणि फळ्यावर आतली रचना काढा. तारेचं एक टोक बुडाच्या ठिपक्याला आणि दुसरं टोक कडेच्या धातूला जोडलेलं असतं. आता 'परिपथ' हा शब्द द्या. कल्पना मुलांच्या हाती आधी आलेली असते, शब्द मागाहून येतो. म्हणून तो टिकतो.

उत्तरं साधारण तीन पातळ्यांवर येतात.
• "वायर लावली म्हणून बल्ब पेटला." ही फक्त घटना आहे.
• "वायर कडेला लावली की पेटतो, बुडाला लावली तर नाही." यात नियम सापडला आहे.
• "करंटला सेलच्या एका टोकातून निघून बल्बमधून दुसऱ्या टोकाला परत यायला वाट लागते. कडेला वायर नसेल तर वाट तुटते." यात कारण आहे.

ज्या मुलांच्या घरी शेतात मोटार आहे, जी स्टार्टर, फ्यूज, वायर रोज बघतात, ती या तासाला पुढं येतात. लेखी पेपरात मागं राहणारं मूल इथं चार प्रकारे बल्ब पेटवून दाखवतं. त्याला येत नाही असं नव्हतं. त्याला जे येतं ते विचारलं गेलं नव्हतं. पण इथंच थांबलो तर आपण त्याच्यावर अर्धाच न्याय केला. त्याचं हाताचं ज्ञान बोलण्यात आणि मग लिहिण्यात आणायला मदत करणं हे आपलं काम आहे. आधी त्याला तोंडी सांगू द्या, जोडीदारानं ते लिहून घ्यावं, मग त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहावं. पेपरात त्याच्या उपयोगी येणार आहे ते हे तिसरं पाऊल.

६) गुणदान कसं करावं?

१० गुणांची विभागणी अशी करता येईल.

• अंदाज आणि त्याचं कारण: २ गुण
• कृती आणि काळजी: २ गुण
• नोंद आणि आकृती: ३ गुण
• स्पष्टीकरण: ३ गुण (वरच्या तीन पातळ्यांना अनुक्रमे १, २, ३)

अंदाज चुकला तरी कारण दिलं असेल तर पूर्ण २ गुण द्या. नाहीतर पुढच्या वेळी मुलं शेजारच्या हुशार मुलाचा अंदाज उतरवतात आणि सगळी मेहनत वाया जाते. बल्ब पेटला याचे वेगळे गुण नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. निकष फळ्यावर लिहून ठेवा.

वर्णनात्मक नोंदही यातूनच निघते. 'प्रयोग आवडीने करते' याऐवजी 'परिपथ पूर्ण करते, न पेटण्याचं कारण तोंडी सांगते, लेखनात अजून घटनाच लिहिते.' ही नोंद वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कुठून सुरुवात करायची ते कळेल.

७) परिणाम झाला का, कसं तपासायचं?

इथं छोटं कृतिसंशोधन करता येतं. वेगळा खर्च नाही.

कृतीच्या आधी सेल-बल्ब-वायरच्या सहा जोडण्यांची चित्रं द्या. कोणता बल्ब पेटेल आणि का? कृतीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्या, पण तीच चित्रं नकोत. बल्ब आडवा काढा, दोन वायर दाखवा, मध्ये लाकडाचा तुकडा किंवा खिळा ठेवा. तीच चित्रं दिली तर पाठांतर मोजलं जाईल. उत्तराचे आणि कारणाचे गुण वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. उत्तराचा रकाना वाढला आणि कारणाचा तिथंच राहिला, तर टप्पा ४ ला वेळ कमी पडला असं समजा. दोन्ही वाढले तर काम जमलं.

आणि एकाच कामावर थांबू नका. सत्रात किमान चार-पाच वेगळ्या स्वरूपाची कामं द्या. कागदी टॉवेलचंच काम आपल्याकडं असं करता येईल: जुनी सुती साडी, टर्किश टॉवेल आणि पॉलिस्टरचं कापड. कोणतं जास्त पाणी शोषतं? तुकडे सारख्या मापाचे हवेत, भिजवण्याचा वेळ सारखा हवा, निथळू देण्याचा वेळ सारखा हवा. मग पिळून पाणी मोजायचं. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण पुरतं. बल्बच्या कामात वाट शोधायची होती, इथं बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची आहे. एखादं मूल पहिल्यात पुढं असेल आणि दुसऱ्यात अडेल. दोन्ही कळल्याशिवाय त्याची श्रेणी लिहायची घाई नको.

८) नेहमीच्या अडचणी

वेळ पुरत नाही: वरचं काम ३० मिनिटांचं आहे. प्रत्येक पाठातल्या सगळ्या 'करून पहा' अशा पद्धतीनं घेता येणार नाहीत, गरजही नाही. पाठातली जी कल्पना मुलांना नेहमी चुकते तिच्यासाठीच कृतिकार्य निवडा. बाकीचं दिग्दर्शन चालेल.

पट मोठा आहे, साहित्य कमी आहे: अर्धा वर्ग कृती करेल, अर्धा स्वाध्याय सोडवेल, मग अदलाबदल. गट दोघा-तिघांचाच ठेवा. आठ जणांच्या गटात दोघं करतात आणि सहा जण बघतात.

मुलं साहित्य धरतात, मुली लिहितात: हे आपल्या बहुतेक वर्गांत होतं आणि लक्षातही येत नाही. अक्षर चांगलं म्हणून वही मुलीकडं जाते आणि सेल-वायर मुलाकडं. निम्म्या वेळेनंतर टाळी वाजवून भूमिका बदला. ज्याच्या हाताला वायर लागलीच नाही त्याचे कृतीचे गुण आपण कशावरून देणार?

एकाच वेळी सगळ्यांचं निरीक्षण होत नाही: करूही नका. एका तासाला पाच-सहा मुलं ठरवून बघा. बाकीच्यांच्या वह्या पुरेशा आहेत. पुढच्या कामाला पुढची पाच-सहा.

समारोप

'प्रयोगानं मार्क वाढतात का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. नुसत्या प्रयोगानं फारसे वाढत नाहीत. अंदाज, कृती, नोंद आणि कारण अशी पूर्ण वाट चाललेल्या प्रयोगानं समज वाढते, आणि समज वाढली की 'कारणे लिहा'चे मार्क मागोमाग येतात. मुलांनी शोधून काढलेल्या परिपथासारखंच हे आहे. वाट कुठंही तुटली की बल्ब पेटत नाही.

पुढच्या आठवड्यात आपल्या वर्गात एक तरी कृतिकार्य या चार टप्प्यांत घेऊन बघा. उत्तराचा आणि कारणाचा, असे दोन रकाने वेगळे ठेवा. काय दिसलं ते आपल्या शिक्षण परिषदेत नक्की मांडा.